फसलेल्या सांध्यांची नोंदवही



कोणत्याही विद्येचा इतिहास सांगताना तिच्या विजयाचे दिवस तेवढे मोजावयाचे, असा आपला परिपाठ आहे. राज्यांच्या इतिहासात निदान पराभवांनाही सनावळीत जागा मिळते. पानिपत आपण विसरत नाही. शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात मात्र फसलेल्या प्रयोगांची पाने बहुधा एकमेकांस चिकटलेलीच राहतात. आज ज्या विषयावर मी आपणाशी बोलणार आहे, त्यात ती पाने उलगडल्यावाचून पुढे जाताच येत नाही. विषय आहे कृत्रिम खुबा व कृत्रिम गुडघा यांचा. आणि त्यातही, असा सांधा काही वर्षांनी निकामी झाला म्हणजे जी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, तिचा. तिला आपण फेरशस्त्रक्रिया म्हणू.

मी वैद्य नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा या गावी राहणारा सेवानिवृत्त शिक्षक आहे. इतिहास शिकविणे हा माझा व्यवसाय होता. परंतु हा विषय आता केवळ मोठ्या शहरांतील रुग्णालयांचा राहिलेला नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पाटांच्या रांगेशेजारी हल्ली खुर्च्यांचीही एक रांग असते. तिच्यात बसणाऱ्यांपैकी कोणी अकोल्यास, कोणी नागपुरास, कोणी मुंबईस जाऊन गुडघा अथवा खुबा बदलून आलेले असतात. आयुष्यभर शेतात वाकून निंदण-खुरपण केलेल्या या माणसांना चालता येऊ लागल्याचा आनंद थोडाथोडका नाही. पण त्यांच्या घरी गेले की एक प्रश्न हटकून निघतो: हा सांधा किती वर्षे टिकावयाचा, आणि बिघडला तर पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपण एका विलक्षण इतिहासाशी येऊन ठेपतो.

प्रथम रचना पाहू. शाळेच्या पुस्तकात खुब्याला उखळीचा सांधा व गुडघ्याला बिजागरीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोलगट जागेत फिरते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि मध्ये निसर्गाने घातलेले वंगण असते. हे आवरण वयोमानाने झिजले, संधिवाताने खाल्ले, किंवा रक्तपुरवठा तुटून तो चेंडूच ढासळला, म्हणजे हाडावर हाड घासू लागते आणि एकेक पाऊल जड होते. झिजलेली टोके काढून टाकावी आणि त्या जागी फार सावकाश झिजणारे पृष्ठभाग बसवावे, ही कृत्रिम सांध्याची सारी कल्पना. सांगावयास ती सोपी आहे. साधावयास मात्र पाऊणशे वर्षे लागली, आणि त्यांतील बहुतेक वर्षे अपयशाची होती.

या सनावळीतील पहिला ठळक सन १८९० हा होय. त्या वर्षी मे महिन्यात बर्लिन येथील थेमिस्टोक्लीस ग्लुक या शस्त्रवैद्याने एका सतरा वर्षांच्या मुलीचा क्षयाने नासलेला गुडघा काढून त्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसविली. आरंभी गुण आला. परंतु अशा सांध्यांत क्षयाचे जंतू जागच्या जागी होते; कालांतराने जखमा वाहू लागल्या आणि सांधे निकामी झाले. नासलेल्या जागी परकी वस्तू बसवू नये, हा धडा ग्लुकने स्वतःच त्यातून घेतला. पण त्याचे वरिष्ठ बेर्गमान यांना हे प्रयोग म्हणजे जर्मन शस्त्रवैद्यकाची अप्रतिष्ठा वाटली आणि त्यांनी ग्लुकला त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते मांडू दिले नाहीत. अपयश झाकले गेले, आणि त्याबरोबर अपयशातून मिळालेले शहाणपणही झाकले गेले. पुढे पुष्कळ वर्षे ते इतरांना पुन्हा कष्टाने मिळवावे लागले.

त्यानंतर निरनिराळ्या पदार्थांची परीक्षा सुरू झाली. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली मांडीच्या हाडाच्या गोल टोकावर काचेची टोपी बसविली. काच गुळगुळीत खरी; पण माणसाच्या भाराखाली ती फुटे. पुढे १९३८ मध्ये त्यांनी दंतवैद्य वापरीत त्या कोबाल्टच्या मिश्रधातूची टोपी घेतली. त्याच वर्षी लंडनच्या फिलिप वाइल्स यांनी चेंडू व वाटी दोन्ही पोलादाची करून पाहिली. १९४६ साली पॅरिस येथील ज्यूदे बंधूंनी अॅक्रिलिकचा चेंडू बसविला. हे चेंडू पुढे झिजत, सैल होत, आणि काहींतून तर चालताना करकर आवाज येई. एका रोग्याचा खुबा इतका करकरे, की त्याची पत्नी त्याच्या जवळपास थांबावयास कंटाळू लागली, अशी एक हकीकत सांगतात. ही हकीकत ऐकून इतरांनी हसून सोडली असती. इंग्लंडमधील जॉन चार्न्ली या शस्त्रवैद्याने मात्र तिच्यात एक प्रमेय पाहिले: ज्या अर्थी सांधा करकरतो, त्या अर्थी घर्षण मोठे आहे, आणि घर्षण मोठे असेल तर प्रत्येक पावलागणिक तो सांधा हाडातून उपटला जाणारच.

चार्न्ली हे या इतिहासाचे नायक. त्यांचा जन्म १९११ साली लँकेशायर परगण्यात झाला आणि त्याच परगण्यातील राइटिंग्टन येथील रुग्णालयात त्यांचे बहुतेक कार्य घडले. घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी चेंडू लहान केला, दंतवैद्यांचे अॅक्रिलिक सिमेंट वापरून दांडा हाडात पक्का बसविला आणि वाटीसाठी टेफ्लॉन हा निसरडा पदार्थ निवडला. अन्न चिकटू नये म्हणून हल्ली तव्यांना ज्याचा लेप देतात तोच हा. १९५८ पासून सुमारे तीनशे रोग्यांना त्यांनी असे खुबे बसविले. वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेली माणसे चालू लागली. त्यांचा जयजयकार झाला. आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले. चेंडू वाटीत खोल खोल रुतत गेला; झिजलेल्या भुकटीभोवती दाह होऊन गाठी झाल्या; वेदना परत आल्या.

येथे चार्न्ली यांच्या थोरवीची खरी कसोटी लागली. हे रोगी त्यांनी दुसऱ्या कोणाकडे धाडले नाहीत. आपल्याच हातांनी बसविलेले सांधे त्यांनी एकामागून एक आपल्याच हातांनी काढले. फेरशस्त्रक्रियेच्या शास्त्राचा पाया या दुःखद दिवसांत घातला गेला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. काढलेला प्रत्येक सांधा त्यांनी मोजला आणि तपासला. टेफ्लॉनची भुकटी खरोखरच अपायकारक आहे की काय हे पाहण्यासाठी त्यांनी तिचे कण स्वतःच्या मांडीत कातडीखाली भरून घेतले आणि त्याशेजारी दुसऱ्या एका प्लॅस्टिकचे कण घातले. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागण्याजोगी गाठ वाढली. दुसऱ्या जागी काहीच झाले नाही.

ते दुसरे प्लॅस्टिक कोठून आले, ही हकीकतही ऐकण्यासारखी आहे. कापडगिरण्यांच्या मागांत दातेरी चक्रांसाठी एक चिवट पॉलिएथिलीन वापरीत. त्याचा नमुना एका विक्रेत्याने चार्न्ली यांच्या प्रयोगशाळेतील हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाच्या हाती दिला. चार्न्ली यांनी नखाने खरवडून पाहिले व तो नमुना निरुपयोगी ठरविला. पण ते परगावी असता क्रेव्हनने तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविलाच. टेफ्लॉन एका दिवसात झिजे तितकेही हे प्लॅस्टिक तीन आठवड्यांत झिजले नाही. आमच्या वऱ्हाडचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे एके काळी गाड्या भरभरून रवाना होत असे, त्यांच्याच मागांतील चक्राने जगाला टिकाऊ खुबा द्यावा, हा योगायोग मला तरी मोठा मनोवेधक वाटतो. नोव्हेंबर १९६२ मध्ये चार्न्ली यांनी नवा खुबा बसविण्यास आरंभ केला. पण या खेपेस त्यांनी घाई केली नाही. पुष्कळ वर्षे तो सांधा इतरांना सर्रास वापरू दिला नाही. रोग्यांना नियमाने परत बोलाविले. आणि आपल्या मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी मिळावा, अशी संमती रोग्यांकडून मागितली. शस्त्रक्रियेच्या खोलीतील हवा गाळून शुद्ध करण्याची योजना त्यांनी आखली, आणि शेकडा सातांच्या आसपास असलेला जंतुदोष शेकडा एकाच्या घरात आणला. अपयशाने त्यांना मोजणी शिकविली, ती त्यांनी पुढे यशातही सोडली नाही.

तथापि झीज ही सर्वस्वी चुकत नाही. १९७० नंतरच्या काळात असे दिसू लागले, की काही रोग्यांच्या सांध्याभोवतालचे हाड विरघळत जाते, त्यात पोकळ्या पडतात आणि सांधा सैल होतो. दोष सिमेंटचा असावा असे समजून या विकाराला ‘सिमेंटचा रोग’ असे नावही मिळाले आणि सिमेंटवाचून बसणारे सांधे निघाले. पण त्यांच्याभोवतीही हाड विरघळलेले आढळले. मग उलगडा झाला की खरा अपराधी ते सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण होत. शरीरातील पेशी हे कण गिळावयास धावतात, ते पचत नाहीत, आणि त्या झटापटीत सुटणारे द्रव्य जवळच्या हाडाचा क्षय घडवून आणते. हे ध्यानी आल्यावर अधिक चिवट प्लॅस्टिक तयार करण्यात आले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते प्रचारात आले व झीज पुष्कळच घटली. काढलेले सांधे फेकून दिले असते, तर निरपराध सिमेंटवरचा हा आळ कदाचित तसाच राहिला असता.

आता प्रत्यक्ष फेरशस्त्रक्रियेकडे वळू. सांधा निकामी होण्याची कारणे मुख्यतः पाच: तो सैल होतो, त्यात जंतू शिरतात, खुब्याचा चेंडू वाटीतून वारंवार निखळतो, पडझडीने सांध्यालगतचे हाड मोडते, किंवा मुळात तो तिरका बसल्याने अस्थिर राहतो. कोणत्याही कारणाने झाले तरी दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड. नव्या जागेवर घर बांधणे निराळे आणि जुन्या घराचा खचलेला खांब, वरचे आढे न हलविता, बदलणे निराळे. जुना दांडा व सिमेंट हाड न फोडता काढावे लागते. हाड आधीच खाल्लेले असते. स्नायू एकदा कापून सांधलेले असतात. मग लांब दांड्याचा सांधा वापरतात, किंवा पोकळी दुसऱ्या माणसाच्या हाडाच्या चुऱ्याने ठासून भरतात. कालांतराने रोग्याचे स्वतःचे हाड त्यात रुजते. ही हाड ठासण्याची पद्धत नेदरलंड्समधील नायमेखेन व इंग्लंडमधील एक्सेटर येथील शस्त्रवैद्यांनी विकसित केली. एकाच्या पहिल्या शस्त्रक्रियेत काढलेला खुब्याचा चेंडू अशा प्रकारे दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तेथे अशी दान केलेली हाडे किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात.

जंतुदोषाचे प्रकरण आणखी बिकट. धातूवर बसलेल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून बहुधा सांधा काढावाच लागतो. हांबुर्ग येथील बुखहोल्ट्स यांनी १९७० च्या सुमारास सिमेंटमध्येच जंतुनाशक औषध मिसळण्याची युक्ती काढली. हल्ली पुष्कळदा प्रथम सांधा काढून त्या जागी औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, काही आठवडे औषधे देतात, आणि जागा निर्दोष झाल्यावर नवा सांधा बसवितात. ग्लुकने १८९० साली घेतलेला धडा तो हाच: नासलेल्या जागी नवे काही बसवू नये.

गुडघ्याचा इतिहास खुब्याच्या मागून चालत आला. गुडघा केवळ बिजागरी नव्हे. तो वाकताना सरकतो आणि किंचित वळतोही. राइटिंग्टन येथेच काम केलेल्या गन्स्टन या कॅनडातील शस्त्रवैद्याने हे ओळखून नवी रचना केली. पुढे १९७४ साली न्यूयॉर्क येथील एका रुग्णालयात इन्सॉल, राणावत व वॉकर या तिघांनी जो गुडघा सिद्ध केला, त्याच्या धर्तीवरच आजचे बहुतेक गुडघे बनतात. यांतील चित्तरंजन राणावत हे मध्य भारतात जन्मलेले व इंदूरला वैद्यक शिकलेले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये व उजवा जून २००१ मध्ये त्यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. देशाचा पंतप्रधान ज्या शस्त्रक्रियेस सामोरा गेला, तिची धास्ती त्यानंतर घरोघरी कमी झाली. पुण्यात डॉक्टर कांतिलाल संचेती यांनी आपल्या लोकांच्या हाडांचे माप व मांडी घालून बसण्याची सवय ध्यानात घेऊन ‘इंडस’ नावाचा स्वदेशी गुडघा तयार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत नियामक प्राधिकरणाने गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. त्या वेळी पहिल्या शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्यास ५४,७२० रुपये आणि फेरशस्त्रक्रियेच्या गुडघ्यास १,१३,९५० रुपये ही कमाल किंमत ठरली, कर निराळा. दुसरा सांधा पहिल्याच्या दुपटीहून महाग, ही गोष्ट या आकड्यांतच स्पष्ट आहे; रुग्णालयाचा खर्च, रजा आणि घरच्यांची धावपळ यांची त्यात गणना नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो: सांधा किती वर्षे टिकतो? २०१९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. पंचवीस वर्षांनंतर शेकडा सुमारे ५८ खुबे व शेकडा सुमारे ८२ पूर्ण गुडघे फेरशस्त्रक्रियेवाचून टिकलेले असतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण या उत्तरापेक्षाही ते कोठून मिळाले हे अधिक महत्त्वाचे. इतक्या दीर्घ मुदतीची गणना त्यांना ऑस्ट्रेलिया व फिनलंड या दोन देशांच्या नोंदवह्यांतून काढता आली. अशा नोंदवह्यांचा आरंभ स्वीडनने केला. गुडघ्यांची १९७५ साली आणि खुब्यांची १९७९ साली. तेथे प्रत्येक नागरिकास एक क्रमांक असतो. सांधा बसविला की त्या क्रमांकापुढे त्याची जात व तारीख लिहावयाची. सांधा काढला की तेही लिहावयाचे. वर्षाअखेर बेरीज केली की कोणता सांधा वाजवीपेक्षा लवकर निकामी होतो ते उघड दिसते आणि शहाणे शस्त्रवैद्य तो सोडून देतात.

आम्हां शिक्षकांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. मूल कोणत्या दिवशी आले, कोणत्या दिवशी व का गेले, हे त्यात लिहितात आणि ते रजिस्टर कायम जपतात. पन्नास वर्षांनी एखादा पांढऱ्या केसांचा गृहस्थ जन्मतारखेचा दाखला मागावयास येतो, तेव्हा एका ओळीची किंमत कळते. हजेरीपट वर्षापुरता असतो. दाखल-खारीज जन्मापुरते असते. आपल्या देशात सांध्यांचा हजेरीपट बरा राहिला, दाखल-खारीज राहिले नाही. खुबा व गुडघा यांच्या शस्त्रवैद्यांच्या भारतीय संघटनेने २००६ पासून एक नोंदवही चालविली आहे, हे स्तुत्य आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक हजेरीचा गुण शिक्षकांस ठाऊक असतो.

या उणिवेची किंमत काय पडली, ते ऐका. वाइल्स यांची १९३८ ची कल्पना, म्हणजे चेंडूही धातूचा व वाटीही धातूची, १९५० व १९६० च्या दशकांत मॅकी यांनी पुन्हा आजमाविली होती आणि चार्न्ली यांच्या खुब्यापुढे ती मागे पडली होती. शतकाच्या अखेरीस ती नव्या थाटात परत आली. जॉन्सन अँड जॉन्सन या उद्योगसमूहातील डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुबा त्यांपैकी एक. धातू धातूवर घासून कोबाल्ट व क्रोमियम यांचे कण सुटत. ते रक्तात उतरत आणि सांध्याभोवतालचे मांस नासवीत. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत हा खुबा लवकर निकामी होत असल्याचे दिसून आले आणि २००९ च्या अखेरीस तो तेथील बाजारातून मागे घेण्यात आला. इंग्लंडच्या नोंदवहीत पाच वर्षांत शेकडा १२ ते १३ खुबे बदलावे लागल्याचे आढळले. २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने जगभरातील खुबे परत मागविले. तोवर जगात सुमारे ९३,००० माणसांच्या शरीरात ते बसविले गेले होते. त्यांत सुमारे ४,७०० भारतात.

गोदामातील माल परत मागविता येतो. माणसाच्या कमरेतील खुबा कसा परत मागवावयाचा? त्यासाठी तो कोणाच्या कमरेत आहे हे ठाऊक असावे लागते. कंपनीने तपासणी व फेरशस्त्रक्रियेचा खर्च भरून देण्याची योजना जाहीर केली होती. परंतु ज्याला आपला खुबा कोणत्या नावाचा आहे हेच माहीत नाही, त्याला त्या योजनेचा काय उपयोग? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, आयुक्त महेश झगडे यांच्या कारकिर्दीत, हे प्रकरण नेटाने हाती घेतले. केंद्र सरकारने डॉक्टर अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली ती फेब्रुवारी २०१७ मध्ये, म्हणजे परत-मागणीनंतर साडेसहा वर्षांनी. समितीने २०१८ मध्ये प्रत्येक बाधितास किमान वीस लाख रुपये भरपाई मिळावी, अशी शिफारस केली आणि अशा जोखमीच्या साधनांची स्वतंत्र नोंदवही असावी, असेही सुचविले. २०१९ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीने फेरशस्त्रक्रिया झालेल्या ६७ रोग्यांना प्रत्येकी पंचवीस लाख रुपये देण्याची तयारी दर्शविली. पण या साऱ्या आकड्यांत माझे मन अडकून राहते ते निराळ्याच एका आकड्यावर: सुमारे ३,६०० रोग्यांचा ठावठिकाणा लागला नाही. या माणसांना त्यांच्या दुखण्याचे कारण कळविण्यास कोणाकडे पत्ता नव्हता. त्यांतील कित्येकांनी ते दुखणे वयाच्या माथी मारून मुकाट्याने सोसले असेल.

ग्लुकचे अपयश वरिष्ठांनी झाकले म्हणून वाया गेले. चार्न्ली यांचे अपयश त्यांनी स्वतः मोजले म्हणून जगाच्या उपयोगी पडले. आणि या हजारो माणसांचे दुःख केवळ लिहून न ठेवल्यामुळे त्यांच्याही उपयोगी पडले नाही, इतरांच्याही नाही. सांधा मनुष्याने केलेला आहे, तो केव्हातरी बिघडणार. त्यात लाजण्यासारखे काही नाही. बिघडलेल्याची नोंद न होणे हे मात्र लाजिरवाणे आहे. आपल्या देशात साधनांपासून होणाऱ्या अपायांची दखल घेण्यासाठी २०१५ पासून एक राष्ट्रीय योजना सुरू झाली असून तिचे काम गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे सोपविलेले आहे. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने कायद्याने औषधांच्या पंक्तीत आली. दिशा योग्य आहे. पण नोंद वरून खाली येत नसते. ती खालून वर जाते, आणि तिची पहिली ओळ घरात लिहिली जाते.

म्हणून सर्व सुशिक्षित कुटुंबांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावर चिकटपट्ट्या असतात. त्यांवर बनविणाऱ्याचे नाव, सांध्याची जात, माप व खेपेचा क्रमांक छापलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर त्या रुग्णालयाच्या कागदांवर चिकटवितात. त्यांची प्रत मागून घ्या. मागण्यात संकोच करू नका. पुढेमागे फेरशस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर या चार ओळींचे मोल शस्त्रवैद्यच सांगू शकेल. वाटीच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर तेवढे झिजले असले आणि सांध्याची जात ठाऊक असली, तर कित्येकदा केवळ अस्तर बदलून भागते. जात ठाऊक नसली, तर पक्का बसलेला धातूही उपटण्याची पाळी येऊ शकते. काही दुखले नाही तरी वैद्य सांगेल त्या मुदतीने क्ष-किरण चित्र काढून घ्या. कारण हाड विरघळू लागते तेव्हा आरंभी ते दुखत नाही. आणि बसलेला सांधा नव्याने दुखू लागला, तर ‘आता वय झाले’ या सबबीखाली घरातील वृद्ध माणसाचे गाऱ्हाणे दडपू नका.

आमच्याकडे घरोघरी एक लोखंडी पेटी असते. शेताचा सातबारा, खरेदीखत, मुलीची पत्रिका, अशी कागदपत्रे तिच्यात पिढ्यानपिढ्या जपतात. जमिनीच्या एका धुऱ्यासाठी तीन पिढ्यांपूर्वीचा कागद काढून दाखविणारी आम्ही माणसे. आजोबांच्या गुडघ्याचा कागदही त्याच पेटीत ठेवावा, एवढेच मला सांगावयाचे होते.